दोन कुलपांमधली होळी

होळीच्या दिवशी सकाळी कंपनीतला वरिष्ठ निकेश पाव आणायला म्हणून कंपनीच्या गेटाबाहेर गेला आणि बाहेरच अडकला. खरं तर त्याने जायला नको होतं. पण सणामुळे डबेवाला आला नव्हता, आणि पनवेलचा हा गडी उपाशीपोटी काम करणाऱ्यांतला नव्हता. तो गेला तेव्हा गेटावर चारदोन म्हातारी माणसं बिड्या ओढत बसली होती. पावांची पिशवी घेऊन परतला तेव्हा अख्खा गाव तिथे जमलेला, आणि गेटाच्या दोन्ही फाळक्यांतून साखळी ओवून तिला मिठागराच्या कोठीचं जुनं गंजकं कुलूप लावलेलं.

आतून कंपनीचं कुलूप पहिल्यापासून होतंच. त्याची चावी सदाकडे, म्हणजे गेटावरच्या राखणदाराकडे. बाहेरच्या कुलपाची चावी रावजीच्या कंबरेच्या करगोट्याला. आणि या दोन कुलपांच्या आत, काचेच्या इमारतीत, गार खोलीत, एकटी राही. राही म्हणजे याच रावजीची लेक.

ती तिथे काय करत होती हे आधी सांगायला हवं. उरणच्या खाडीकाठच्या या गावाची भातशेती घेतली, तेव्हा कंपनीची माणसं मोठा नकाशा घेऊन आली होती. इथे डेटा सेंटर होणार, म्हणजे जगभरच्या लोकांचे फोटो, हिशेब, निरोप सांभाळणारी हजारो यंत्रं एका छपराखाली बसणार, आणि घरटी एक नोकरी. लोकांनी अंगठे दिले, सह्या दिल्या. मग कंपनीतल्याच कुणीतरी डोकं चालवलं. ही यंत्रं दिवसरात्र तापतात, आणि उरणच्या खाऱ्या, घामट हवेत त्यांना गार ठेवायचं म्हणजे चाळणीत पाणी भरायचं. त्यापेक्षा नॉर्वेच्या पार उत्तरेला जावं. तिथे थंडी दाराशी फुकट उभी, वीज धरणाची आणि पवनचक्क्यांची, धूर नाही की राख नाही. झालं, यंत्रं तिकडे गेली. इकडे उरली ती जमीन, जमिनीभोवतीची उंच भिंत, आत एक हिरवळ, आणि तिकडच्या यंत्रांवर इथून नजर ठेवणारी ही इमारत. घरटी एक नोकरीची गावटी एक नोकरी झाली. ती राहीला मिळाली, कारण तेव्हा गावात बी.एस्सी. झालेली ती एकटीच होती.

गाव तिला नॉर्वेवाली म्हणायचा. बाजारात कोळीण तिला विचारायची, तुमच्या नॉर्वेत सुकट मिळते का. राहीला राग यायचा नाही. तिला ती नोकरी आवडत होती हे साफ सांगायला हवं. पडद्यावर तिकडचं बर्फ, तिकडचा वारा, तिकडची यंत्रं आकडे होऊन यायची आणि तिच्या बोटाच्या इशाऱ्यावर तिथल्या झडपा उघडायच्या, मिटायच्या. मिठागरात पाय खारवलेल्या बापाच्या लेकीला हे थोडं नव्हतं. पुढच्या महिन्यात तिला कायम करणार होते.

आता भिंतीच्या आत जी हिरवळ होती, तिच्या मधोमध गावाच्या होळीचा खड्डा होता. दर वर्षी त्याच खड्ड्यात होळीचं झाड उभं राहायचं. होळी जागा बदलत नाही, बदलली तर गावची इडापिडा गावातच घुटमळत राहते, असं इकडे मानतात. कंपनीने त्यावर माती टाकली, हिरवळ लावली, तरी पावसाळ्यात तो खड्डा खचून पुन्हा दिसायचाच. आधीचा मॅनेजर शहाणा होता. होळीला गेट उघडायचा, पुरणपोळी खायचा, दुसऱ्या दिवशी माळ्याकडून राख उचलून घ्यायचा. पण यंदा वरद आला होता. अलिबागकडच्या नारळ-सुपारीच्या वाडीवाल्यांचा हा मुलगा बोलायला साखरेसारखा गोड. पुढल्या आठवड्यात परदेशी गिऱ्हाईक इमारत बघायला येणार, तेव्हा हिरवळीवर काळा डाग नको आणि खोल्यांत धूर नको, म्हणून त्याने निरोप धाडला की यंदा होळी बाहेर रस्त्याकडेला लावा.

"होली काय भाजीची हातगाडी हाय?" गावकीतला म्हातारा धर्माजी म्हणाला. "हितून उचलली न् तितं लावली?"

गावकी बसली. कंपनी होळी आत लावू देत नाही तोवर गेटाला बाहेरून आपलंही कुलूप घालायचं ठरलं. त्यात आणखी एक गोष्ट ठरली, आणि राहीच्या जिवाला घोर लागला तो तिच्यामुळे. होळी पेटवायचा मान पिढ्यान् पिढ्या रावजीच्या घराचा. आता त्याच घरची मुलगी कुलपाच्या आत बसून पगार खाणार आणि होळी बाहेर जळणार, तर मान त्या घरात ठेवायचा कशाला? होळी खड्ड्यात लागली तर मान रावजीचा. नाही लागली तर मान दुसऱ्या घराला, तो कायमचा.

दुपारी आईचा, ठमीचा, फोन आला. ठमी गेटाबाहेरच होती, मागे गलका ऐकू येत होता.

"बाय, जेवलंस का?"

"न्हाय. तुमी?"

"तुज्या बापानं सकालपासून पान्याचा घोट घेतला न्हाय. पोरां बोलतान, रावजी बाहेर न् रावजीची पोर आत, दोघां मिलून नाटक करतान." आईचा आवाज खाली आला. "राही, त्या सायबाला काय तरी सांग गो."

राहीने साहेबाला फोन केला. वरद सणाला वाडीत गेला होता आणि तिथूनच फोनवर गेटाचा कॅमेरा बघत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मऊ आवाजात म्हणाला, "राही, तू आपली माणूस आहेस ना? मग तूच त्यांना समजाव." आपली म्हणजे कोणाची, हे राहीने विचारलं नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना म्हणतात ते हेच. ती पडद्यासमोर येऊन बसली. एका पडद्यावर नॉर्वे होतं, दुसऱ्यावर गेट, आणि गेटाच्या पडद्यावर गुडघ्यांना मिठी मारून उन्हात बसलेला बाप.

आणि नेमका तेव्हाच तिकडचा वारा पडला.

पवनचक्क्या थांबल्या. धरणाची वीज एकटी पुरेना. पडद्यावर सूचना आली, वीज वापर कमी करा. नेहमी अशा वेळी निकेश शेजारी असायचा, दोघं बोलून ठरवायचे. आज निकेश गेटाबाहेरच्या पिंपळाखाली गाववाल्यांनी दिलेली पुरणपोळी खात होता. राहीने एकटीने यादी चाळली. सगळ्यांत जास्त वीज खाणारा एक मोठा पंप होता. यंत्रांतून निघालेली गरमी तो नळ्यांतून बाहेर लोटायचा. राहीला नवल वाटलं. अरे, बाहेर एवढी थंडी आहे, छपराच्या झडपा उघडल्या की गरमी आपोआप आभाळात जाईल, ती लोटायला पंप कशाला हवा?

कुणीही इथलं माणूस हेच म्हणालं असतं. या किनाऱ्यावर गरमी म्हणजे टाकायची वस्तू. जन्मापासून माणूस ती टाकतच असतो, पदराने, पंख्याने, अंगणात पाणी शिंपडून. गरमी कुणाला हवी असेल हे राहीच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. तिने पंप बंद केला, छपराच्या झडपा उघडल्या. यंत्रं झकास गार पडली. विजेचा आकडा खाली आला. पडदाभर हिरवे दिवे लागले आणि त्या सगळ्या दिवसात पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

थोड्या वेळाने खोलीतला फोन वाजला. तिकडून एक बाई बोलत होती. तिने आपलं नाव इंगा सांगितलं. यंत्रांच्या शेडजवळच्या गावात म्हाताऱ्या माणसांचा आश्रम होता, त्याची ती व्यवस्था बघायची. तिचं इंग्रजी सावकाश होतं आणि त्यात राग मुळीच नव्हता.

"आमच्या भिंतीतल्या नळ्या गार पडायला लागल्यात," ती म्हणाली. "बाहेर उणे वीस आहे. तुमच्याकडून येणारी ऊब थांबली आहे का?"

राहीला आधी कळेचना. मग तिने पंपाच्या नळ्यांचा नकाशा उघडला आणि त्या शेडच्या बाहेर कुठे जातात ते पहिल्यांदा शेवटपर्यंत बघितलं. शाळा. पोहण्याचा तलाव. आश्रम. घरं, घरं, घरं. यंत्रांची गरमी ते लोक फेकत नव्हते, तिच्यावर सगळं गाव तगून होतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. शिकवताना एका चित्रात होतं. पण तिला यंत्रं गार ठेवायला नेमलेलं. यंत्राबाहेर गेलेल्या गरमीचं पुढे काय होतं, तिकडे तिने कधी लक्षच दिलं नव्हतं.

"माझ्याकडून चूक झाली," ती म्हणाली. "लगेच सुरू करते."

आणि तिथे ती खरी अडकली. पंप बंद करायला एक अंगठा पुरायचा, पण थंड पडलेला पंप सुरू करायला दोन लागायचे, एक पाळीवरच्या माणसाचा आणि एक वरिष्ठाचा. उगाच कुणी घाईत चालू करून नळ्या फोडू नयेत म्हणून तसा नियम होता. त्यासाठी अंगठे उमटवायचं यंत्र फक्त या खोलीत. तिकडच्या शेडमध्ये माणूसच नव्हतं, हीच तर कंपनीची शान होती. वरिष्ठ दोघंच होते. वरद अलिबागेत. निकेश गेटाबाहेर.

"किती वेळ तग धराल?" तिने विचारलं.

"माणसांना घोंगड्या देतोय," इंगा म्हणाली. "पण नळ्यांतलं पाणी गोठलं तर त्या फुटतील, आणि मग उन्हाळ्यापर्यंत काही दुरुस्त व्हायचं नाही. लवकर करा, बाळ." ती 'बाळ' म्हणाली म्हणून राहीला रडूच कोसळलं.

तिने वरदला फोन लावला. चूक सांगितली, लपवलं काही नाही. वीज वाचवायला दुसऱ्या कमी गरजेच्या यंत्रांची नावं काढून दिली, ती त्याने मान्य केली. मग ती म्हणाली, "साहेब, निकेशला आत घ्यायचं तर बाहेरचं कुलूप निघायला हवं. ते लोक काढतील, पण होळी आत लागली पाहिजे."

"हो हो," वरद म्हणाला. "सांग त्यांना, लावा म्हणावं. आधी निकेशला आत घे."

राही गेटाशी गेली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं, पण लोखंड अजून तापलेलं होतं. तिला बघून पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी "आली आली, नॉर्वेवाली आली" म्हणालं. रावजी उठून गजांपाशी आला. सकाळपासून बसून त्याचे गुडघे धरले होते.

"बाबा, निकेशला आत सोडा," ती म्हणाली. "तिकडं म्हातारी मानसां गारठतान. मीच केलंय. माजी चूक हाय."

"त्यांच्याकं चूल न्हाय?"

"न्हाय. आपल्या यंत्रांची गरमी हीच त्यांची चूल."

"न् ती तू विझवलंस."

"व्हय."

धर्माजी पुढे झाला. "रावजी, चावी काढू नको. आज ते अडल्यान तं वाकतील. ज्याच्या हाती ससा तो पारधी. साखली गेली का आपल्याला कुत्रा इचारनार न्हाय." म्हातारा खोटं बोलत नव्हता, आणि त्याच्या भोवतीच्या माना हलल्या.

"साहेब व्हय बोल्लान," राही म्हणाली. "होली खड्ड्यातच लागंल."

"शबूद कोनाचा?" धर्माजीने विचारलं. "सायबाचा का तुजा?"

राहीने एकदा बापाकडे पाहिलं. "माजा," ती म्हणाली.

रावजीने धर्माजीशी वाद घातला नाही. तो एवढंच म्हणाला, "धर्माजीकाका, होलीचे दिशी कोनी इस्तव मागाया आला तं त्याला न्हाय बोलायचां नसतां. दुश्मन आसला तरी." हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं. होळीचा विस्तव मागेल त्याला द्यायचा, ही रीत कुणी मोडलेली नव्हती. धर्माजीने तोंड फिरवलं, पण तो आडवा आला नाही. रावजीने करगोट्याची चावी काढली, साखळी सोडवली आणि ती आपल्याच गळ्यात टाकली. सदाने आतलं कुलूप उघडलं. निकेश पावांची पिशवी छातीशी धरून आत शिरला.

एखाद्याला वाटेल, गेट उघडलं होतं तर गाव तसाच आत का घुसला नाही? घुसला नाही, कारण होळीच्या आधी माणसाने त्या खड्ड्याशी जायचं नसतं. आधी देवळापासून वाजतगाजत होळीचं झाड येणार, ते पुढे, माणसं मागे. गेट उघडं टाकून सगळे झाड आणायला देवळाकडे गेले. दिलेल्या शब्दावर पहारा बसवायचा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आत राही आणि निकेशने अंगठे टेकवले. पंप कण्हला, थांबला, पुन्हा कण्हला आणि चालू झाला. आकडे हळूहळू चढायला लागले. निकेशने कपाळावरचा घाम पुसला आणि एक पाव तिच्या हातात दिला. आपण दिवसभर काही खाल्लं नाही हे तिला तेव्हा आठवलं. मग इंगाचा फोन आला.

"नळ्या टकटक वाजायला लागल्या," ती हसत होती. "ऊब येतेय. म्हातारे टाळ्या वाजवतायत." मग म्हणाली, "तुमच्या मागे ढोल वाजतायत का?"

"हो. आज आमचा सण आहे," राही म्हणाली. "गावात आग पेटवतात." आणि ढोल जवळ आलेत हे लक्षात येऊन तिने गेटाच्या पडद्याकडे पाहिलं. गेट बंद होतं.

ती धावतच सुटली. सदा गेटाकडे पाठ करून उभा होता. त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं नाही.

"सायबांचा फोन आला, पोरी. म्हणाले कुलूप घाल आणि चावी भिंतीतल्या पेटीत टाक. टाकली, तशी पेटी त्यांनी तिकडूनच बंद केली. मी काय करू? माझी नोकरी आहे."

राहीने तिथूनच वरदला फोन लावला. तो रागावलेला नव्हता, उलट खूश होता. "छान सांभाळलंस," तो म्हणाला. "चूक झाली तरी सावरलीस. तू कायम झालीस असंच समज."

"साहेब, तुम्ही हो म्हणाला होतात."

"अगं, वेळ मारून न्यायला म्हणावं लागतं कधीकधी. तू लहान आहेस अजून."

गजांच्या पलीकडे झाड येऊन थांबलं होतं. ढोल बंद पडले. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही, ते केलं असतं तर बरं, असं राहीला वाटलं. धर्माजीने फक्त विचारलं, "शबूद कोनाचा होता?" रावजीच्या गळ्यात अजून ती साखळी होती. आता कुलूप पुन्हा लावून उपयोग नव्हता, चंद्र वर येत होता आणि होळी थांबत नाही. त्यांनी झाड रस्त्याकडेला, गेटासमोर रोवलं. मान धर्माजीच्या घराने घेतला. त्याच्या मुलाने होळी पेटवली, तेव्हा रावजी गर्दीच्या मागे, गटाराच्या कडेला उभा होता. राहीने गजांतून ते सगळं पाहिलं. आयुष्यात तिला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

होळी खाली बसली तशा बाया विस्तव न्यायला पुढे आल्या. होळीचा विस्तव घरी न्यायचा, त्यावर दुसऱ्या दिवशीचं पाणी तापवायचं, हे घरोघर चालतं. कुणी घमेलं आणलं, कुणी फुटका माठ. सगळ्यांच्या शेवटी रावजी पुढे गेला. त्याने खापराच्या तुकड्यावर चार निखारे घेतले आणि तो गेटाशी आला. खाली वाकून त्याने ते खापर फाळक्याखालच्या फटीतून आत सरकवलं.

"घे," तो म्हणाला. "घरचा इस्तव हाय."

"बाबा, मी मुद्दाम..."

"मना ठाव हाय." तो गजांना धरून उठला. "तुजी आय बोल्ली, घरातली पोर उपाशी न् बिनइस्तवाची नको राहायला. घे, हात भाजंल, पदरानं धर."

राहीने ओढणीच्या टोकाने खापर उचललं. आता ते न्यायचं कुठे? इमारतीत नेलं तर धुराचे भोंगे बोंबलतील. गेटाबाहेर जायला वाट नाही. आणि होळीचा विस्तव खाली टाकायचा नसतो, विझू द्यायचा नसतो. निखारे धगधगत होते आणि ती हिरवळीच्या कडेला नुसतीच उभी होती. मग तिला तो खड्डा दिसला. चांदण्यात तिथलं गवत किंचित खचलेलं होतं, घरातल्या जुन्या गादीसारखं. अख्ख्या गावातलं एकच माणूस आज त्या खड्ड्याशी पोहोचू शकत होतं.

ती जाऊन खड्ड्याशी बसली. खापर मधोमध ठेवलं. शोभेच्या माडांखालच्या काड्या, वाळकी पानं गोळा करून निखाऱ्यांवर ठेवली आणि फुंकर मारली. धूर तिच्या डोळ्यांत गेला. दुसऱ्या फुंकरीला जाळ उठला, वीतभरच, पण उठला.

भिंतीपलीकडे कुणीतरी ओरडलं, "आत धूर निंघतंय!" मग भिंतीवरून एक गोवरी आली आणि राहीपासून हातभर अंतरावर पडली. ती कुणी टाकली हे तिला कळलं, कारण गोवरीवर बोटांची नक्षी ठमीची होती. मग दुसरी आली. मग चार. मग एवढ्या यायला लागल्या की राहीला डोकं सांभाळावं लागलं. गेटाकडून पावलं वाजली. माळ्याने रचून ठेवलेल्या वाळक्या झावळ्या सदा ओढत आणत होता. त्याने त्या जाळावर टाकल्या आणि पुन्हा जाऊन गेटाशी उभा राहिला.

जाळ माणसाच्या उंचीचा झाला. खिशात फोन वाजत होता, वरदचा. तिने घेतला नाही. थोड्या वेळाने वाजायचा थांबला. इमारतीच्या काचेमागे निकेश हात हलवून काहीतरी सांगत होता. ती दाराशी गेली, अंगठा टेकवला. दिवा लाल झाला. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल. तिकडे वाडीत बसल्याबसल्या वरदने तिचा अंगठा पुसून टाकला होता. कायम झाल्याला अजून रात्रसुद्धा उलटली नव्हती. निकेशने आतून दार ढकलून बघितलं आणि हात पसरले.

ती होळीशी परत आली. भीती वाटत होती, रडू येत होतं आणि तरी छाती मोकळी झाली होती, हे सगळं एकाच वेळी. भिंतीबाहेर बराच वेळ कुजबुज चालली. मग धर्माजीचा खरखरीत आवाज आला, मुद्दाम मोठ्याने, दोन्हीकडे ऐकू जाईल असा.

"खड्ड्यातली होली कोनाच्या इस्तवाची?"

सगळ्यांना माहीत होतं.

"मंग बघतो काय रावजी?" म्हातारा ओरडला. "मानाचा नारल टाक!"

भिंतीवरून नारळ आला, हिरवळीवर दोनदा उसळला आणि घरंगळत राहीच्या पायाशी थांबला. तिने तो उचलून कपाळाला लावला आणि होळीत सोडला. बाहेर ढोल वाजायला लागला, आणि बापाची बोंब सगळ्यांच्या वर ऐकू आली. दिवसभर पाणीही न प्यायलेल्या माणसाचा आवाज एवढा निघेल असं कुणाला वाटलं नसतं.

ढोल थांबल्यावर भिंतीच्या अगदी जवळून आईने हाक मारली.

"बाय, घरा कवा येशील?"

राहीने काचेच्या दाराकडे पाहिलं, मग गेटाकडे. दोन्ही बंद होती, आणि एकाचीही चावी आता तिच्या माणसांकडे नव्हती.

"येतंय, आये," ती म्हणाली. "दार उघडलं का येतंय." आणि विझू नये म्हणून तिने जाळात आणखी एक गोवरी सारली.